कांचीचे चिनी-जपानी पाहुणे

चेन्नईहून समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेस पन्नास-साठ किलोमीटर गेले, म्हणजे मामल्लपुरम् लागते. शाळेतल्या पुस्तकांतून आपण त्याला महाबलिपुरम् म्हणावयास शिकलो. परंतु ‘मामल्ल’ हे ज्या पल्लव राजाचे बिरुद, त्या पहिल्या नरसिंहवर्म्याची आठवण गावाने आपल्या नावात जपून ठेवली आहे. ह्या गावी ११ ऑक्टोबर २०१९ रोजी सायंकाळी भारताचे पंतप्रधान श्री. नरेंद्र मोदी ह्यांनी चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग ह्यांना अर्जुनाची तपश्चर्या कोरलेली ती अवाढव्य शिळा दाखविली, उतारावर पडू पडू करीत शतकानुशतके न पडलेला ‘कृष्णाचा लोण्याचा गोळा’ दाखविला, पंचरथ दाखविले आणि शेवटी सागरतीरावरील देवळाच्या अंगणात नेले. यजमानांनी तमिळ पद्धतीची वेष्टी नेसली होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत त्या वेष्टीविषयी आणि जेवणातील पदार्थांविषयी बरेच छापून आले. हेच गाव का निवडले, ह्याविषयी मात्र एकदोन वाक्यांत आटोपले गेले.

श्रोतेहो, पाहुण्याची सोय कशी केली एवढेच पाहावयाचे, तर खोल्या, मोटारी, दुभाषे आणि न्याहारी ह्यांची यादी पुरे होईल. सरकारी नोकरीत अशा याद्या मी पुष्कळ केल्या आहेत. परंतु चिनी आणि जपानी माणूस ह्या किनाऱ्यावर येतो तो सामान्यतः काहीतरी शोधावयास येतो. आणि त्याला जे हवे ते दाखविण्यासारखे आपल्यापाशी उरले आहे काय, हा यजमानाच्या दृष्टीने अधिक अवघड प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधू गेल्यास तेराचौदा शतके मागे जावे लागते.

प्रथम एक न आलेला पाहुणा. फाहियान हा चिनी भिक्षू इ. स. ३९९ मध्ये चीनमधून निघाला आणि सुमारे पंधरा वर्षांनी मायदेशी परतला. दक्षिणापथाविषयी त्याने ऐकले होते, तिकडे जाण्याची त्याला इच्छाही होती. पण तो लिहितो, की त्या प्रदेशातील वाटा बिकट आहेत. ज्याला जावयाचे असेल त्याने आधी तेथल्या राजाला द्रव्य आणि नजराणा द्यावा, मग राजा आपली माणसे बरोबर देतो आणि ती एकामागून एक प्रवाशाला पुढच्या हद्दीपर्यंत पोचवितात. फाहियानापाशी तेवढे साधन नव्हते. तो गेला नाही. परवाना, शुल्क आणि सरकारमान्य वाटाड्या ह्या तिन्ही गोष्टी त्या दोन ओळींत आहेत, हे पाहून माझ्यासारख्याला अंमळ हसू येते. आज मामल्लपुरम्‌च्या स्मारकांचे तिकीट भारतीयास ४० रुपये आणि चिनी वा जपानी प्रवाशास ६०० रुपये आहे. नजराण्याची प्रथा मोडली असे म्हणवत नाही.

जो आला तो ह्युएनत्संग. त्याच्या प्रवासातील उत्तरेकडचा भाग आपणांस परिचित आहे. नालंदेच्या विहारात त्याची जी बडदास्त ठेवली गेली तिचे वर्णन त्याच्या चरित्रकाराने बारकाईने दिले आहे: रोज एकशे वीस जंबीर फळे, वीस सुपाऱ्या, वीस जायफळे, थोडा कापूर, आणि महाशाली नावाच्या सुवासिक मोठ्या दाण्याच्या तांदुळाचा शिधा. विहारातील कामांतून त्याला सूट होती आणि बाहेर पडताना बसावयास हत्ती मिळे. विद्येच्या घरी पाहुण्याचा केवढा हा मान! तेथून फिरत फिरत तो इ. स. ६४० च्या सुमारास कांचीस पोचला.

कांचीकडे त्याची पावले वळण्यास एक जिव्हाळ्याचे कारण होते. नालंदेत त्याने ज्या शीलभद्रापाशी योगशास्त्राचे अध्ययन केले, त्या शीलभद्राचा गुरू धर्मपाल हा कांचीचा. म्हणजे शिष्य आपल्या आजेगुरूच्या गावी आला होता. नगराचा घेर तीस ली असल्याचे तो नमूद करतो. द्रविड देशात शंभरांवर संघाराम आणि दहा हजार भिक्षू, ऐंशीच्या आसपास देवालये, शिवाय पुष्कळ निर्ग्रंथ म्हणजे दिगंबर जैन. नगराच्या दक्षिणेस जवळच एक मोठा विहार आणि अशोकाने बांधलेला म्हणून सांगितला जाणारा शंभर फूट उंचीचा स्तूप त्याने पाहिला. तेथील लोक धाडसी, विश्वासू आणि विद्येचा आदर करणारे आहेत, असा त्याचा अभिप्राय आहे.

येथून तीन दिवसांच्या जलप्रवासाने सिंहलद्वीपास जाण्याचा त्याचा मनोदय होता. पण त्याच सुमारास सिंहलाहून सुमारे तीनशे भिक्षू कांचीस उतरले. त्यांचा राजा वारला होता, बेटावर दुष्काळ आणि बेबंदशाही माजली होती, म्हणून ते आश्रयास आले होते. ह्युएनत्संगाने त्यांना योगशास्त्रातील काही कठीण स्थळे विचारून पाहिली, आणि शीलभद्राने सांगितल्यापलीकडे ह्यांना काही सांगता येत नाही असे आढळताच सिंहलाचा बेत सोडून दिला. एकाच नगराने एकाच वेळी चीनच्या यात्रिकाला आणि सिंहलच्या निर्वासितांना ठाव दिला, हे कांचीच्या इतिहासातील माझ्या मते सर्वांत सुंदर चित्र आहे. आणि दुर्दैव असे की ते कोठेही कोरलेले नाही.

मराठी श्रोत्यांना ह्यापुढचा मुक्काम अर्थातच अधिक जवळचा. कांचीहून तो वायव्येकडे वळला आणि कोंकणपूर ओलांडून महाराष्ट्रात आला. तेथे पुलकेशी राज्य करीत होता. इथले लोक मानी, उपकार न विसरणारे आणि अपमानाचा सूड घेणारे आहेत, लढाईपूर्वी हत्तींना मद्य पाजले जाते, आणि उत्तरेच्या हर्षालाही हा राजा आवरला नाही, ही त्याची नोंद आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हटकून येते. डोंगराच्या कुशीत खोदलेल्या ज्या विहाराचे आणि दाराबाहेरच्या दगडी हत्तींचे वर्णन तो करतो, ते अजिंठ्याचे असावे असे सामान्यतः मानले जाते. पण एक गोष्ट सहसा कोणी लक्षात आणून देत नाही. ज्या दोन दरबारांच्या मुलखांत हा माणूस लागोपाठ पाहुणा म्हणून वावरला, ते दरबार एकमेकांचे हाडवैरी होते. तो गेल्यानंतर दोनच वर्षांनी, ६४२ मध्ये, मामल्ल नरसिंहवर्म्याने बदामी घेतली आणि ‘वातापिकोंड’ हे बिरुद धारण केले. पुलकेशी बहुधा त्याच युद्धात पडला. दोन्हीकडे पाहुणचार घेतलेल्या प्रवाशाने दोन्हीकडच्या लोकांविषयी बरे लिहिले आहे.

ह्युएनत्संगानंतर पिढीभराने आलेला इत्सिंग हा सोयी-गैरसोयींच्या बाबतीत अधिक चौकस होता. त्याच्या ग्रंथांतून दक्षिण किनाऱ्याच्या वाहतुकीची माहिती मिळते: वू-शिंग नावाचा भिक्षू मलाया द्वीपकल्पातील केडाहून निघून तीस दिवसांनी नागपट्टिनम् येथे उतरला आणि तेथून दोन दिवसांत सिंहलास पोचला. इत्सिंगाची एक तक्रार फार बोलकी आहे. निरनिराळ्या देशांच्या भिक्षूंसाठी भारतात आपापले विहार आहेत, चीनच्या माणसाला तेवढा आपला असा आसरा नाही. पूर्वी श्रीगुप्त नावाच्या एका महाराजाने चिनी भिक्षूंसाठी मुद्दाम विहार बांधून त्यास वीसवर गावे लावून दिली होती. इत्सिंगाच्या काळी त्याच्या जोत्याच्या विटा तेवढ्या उरल्या होत्या. चीनमधून भिक्षू येणार असतील तर विहार पुन्हा उभा करून गावे परत लावून देऊ, असे तिथला तत्कालीन राजा म्हणत असे. प्रवासी नाहीत म्हणून सोय नाही, आणि सोय नाही म्हणून प्रवासी नाहीत, हा घोळ त्याही काळी होता.

ह्या तक्रारीचे उत्तर जणू पल्लवांनी दिले. सागरतीरीचे देऊळ आणि कांचीचे कैलासनाथ बांधविणारा दुसरा नरसिंहवर्मा, म्हणजेच राजसिंह, ह्याने इ. स. ७२० मध्ये तांग सम्राट श्वान्त्सुंग ह्याच्या दरबारी वकील पाठविला. अरब आणि तिबेटी ह्यांच्याविरुद्ध आपले हत्ती आणि घोडदळ देण्याची तयारी दाखविली आणि ह्या सैन्यास नाव सुचवावे अशी विनंती केली. त्याच सुमारास चीनच्या सन्मानार्थ त्याने एक मंदिर बांधविले आणि त्याच्यासाठी नावाची पाटीही सम्राटाकडे मागितली. चिनी इतिहासकारांनी ही पाटी दिल्याचे नोंदविले आहे. सम्राटाने दिलेल्या नावाचा आशय ‘सुसंस्कृतीकडे परत वळलेले’ असा काहीसा आहे; ते आपल्याला जरा झोंबते, कारण त्यात आपण खालच्या पायरीवर आणि सम्राट वरच्या. राजसिंहाला हे कळले नसेल असे वाटत नाही. पूर्वसमुद्रावरचा व्यापार मोकळा राहावा ह्यासाठी पाटीवरच्या एका शब्दाची किंमत त्याने दिली असावी. राजनीतीत असे सौदे होतात. मंदिराचा आज मागमूस नाही.

ह्याच काळात यजमानांच्या घरची माणसेही बाहेर पडू लागली होती. वज्रबोधी हा दाक्षिणात्य आचार्य काही काळ कांचीस राहिला होता. तो समुद्रमार्गे निघून ७२० च्या सुमारास चीनच्या राजधानीत पोचला. त्याचा शिष्य अमोघवज्र, अमोघवज्राचा शिष्य ह्वेइ-क्वो, आणि त्याच्यापाशी ८०५ मध्ये दीक्षा घेणारा जपानी भिक्षू कूकाई. जपानातील शिंगोन पंथ कूकाईने स्थापिला आणि कोयासान पर्वतावर त्याचे पीठ वसविले. त्या पंथाच्या गुरुपरंपरेत वज्रबोधीचे नाव आजही घेतले जाते. बोधिसेन नावाचा आणखी एक दाक्षिणात्य भिक्षू ७३६ मध्ये जपानला पोचला, आणि नारा येथील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ मध्ये त्याच्या हातून झाला. जपानी माणूस कांचीच्या रस्त्यात उभा राहून इतका वेळ हात जोडून का उभा आहे, असे रिक्षावाल्याला वाटत असेल. त्याचे कारण हे आहे.

परंतु त्याच्या ओठांवर वज्रबोधीचे नाव क्वचितच असते. तो विचारतो बोधिधर्माविषयी. चीनमध्ये छान आणि जपानात झेन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मार्गाचा हा आद्य पुरुष. जपानात त्याच्या तोंडवळ्याच्या लाल, बिनपायांच्या ‘दारुमा’ बाहुल्या घरोघर असतात. तो दक्षिण भारतातील एका राजाचा तिसरा पुत्र होता असे एका जुन्या चिनी प्रस्तावनेत म्हटले आहे. इ. स. ५४७ च्या सुमाराचा, लोयांगच्या विहारांचे वर्णन करणारा दुसरा ग्रंथ मात्र त्याला इराणकडचा म्हणतो. कांचीचे नाव परंपरेने मागाहून जोडले. २०११ मध्ये बोधिधर्मावर ‘एळाम् अरिवु’ हा तमिळ चित्रपट निघाला आणि तेव्हापासून कांचीच्या वाटाड्यांना ह्या विषयावर बोलण्यास विशेष हुरूप आला. माझे मत विचाराल तर कांचीचा पुरावा लंगडा आहे. पण ‘आमच्याकडे अशी परंपरा आहे’ एवढे प्रांजळपणे सांगण्यात काहीच कमीपणा नाही. चारशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या मंडपावर हात ठेवून ‘येथेच तो बसत असे’ असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा मात्र वाईट वाटते. कारण ऐकणारा पाहुणा पुष्कळदा आपल्याहून अधिक वाचून आलेला असतो.

त्यातून कांचीत खरे दाखविण्याजोगे काहीच नाही असेही नाही. १९१५ मध्ये टी. ए. गोपीनाथ राव ह्यांनी गावात हिंडून बुद्धाच्या पाच मूर्ती शोधून काढल्या. त्यांतील कामाक्षी मंदिरातील उभ्या बुद्धाची पुरुषभर उंचीची मूर्ती पुढे मद्रासच्या संग्रहालयात गेली. वैकुंठ पेरुमाळ मंदिराच्या ओवऱ्यांत पल्लव घराण्याचा इतिहास शिल्पांच्या पट्ट्यांत कोरलेला आहे. त्यातल्या एका आकृतीकडे बोट दाखवून वाटाडे ‘हा चिनी प्रवासी’ म्हणतात. असेलही. ह्युएनत्संगाने पाहिलेल्या शंभर संघारामांपैकी एकही मात्र उभा नाही.

आता नागपट्टिनम्‌कडे वळू. चेन्नईपासून ते सुमारे तीनशे किलोमीटर दूर असले, तरी ह्या कथेचे मर्म तेथे आहे. चोळांच्या अमदानीत हे बंदर भरभराटीस आले. राजराज चोळाच्या काळात श्रीविजयाच्या शैलेंद्र राजाने येथे चूडामणिविहार बांधविला आणि राजराजाने १००६ च्या सुमारास त्यास आनैमंगलम् हा गाव लावून दिला. तो ताम्रपट हॉलंडातील लायडन येथे ठेवलेला होता. सुंग दरबारी चोळांचे पहिले वकील १०१५ मध्ये पोचले. बावन्न माणसांचा तो जथा, वाटेत खर्ची पडलेले एक हजार एकशे पन्नास दिवस! तोपर्यंत त्यांना धाडणारा राजराज वारलाही होता. १०७७ मध्ये बहात्तर जणांचे मंडळ गेले आणि आपल्या भेटींच्या मोबदल्यात तांब्याच्या नाण्यांच्या ८१,८०० माळा घेऊन परतले. अशी चिनी नाणी तंजावरच्या मुलखात जमिनीखाली आजवर अनेकदा सापडली आहेत.

येणेजाणे दुतर्फी होते, हे विसरून चालणार नाही. चीनच्या फूच्येन प्रांतातील च्वान्चौ बंदरी तमिळ व्यापाऱ्यांनी शिवमंदिर उभारले; त्याचा तमिळ शिलालेख एप्रिल १२८१ चा असून त्यात शेवटी चिनी अक्षरेही आहेत. आणि त्याच्या अगोदर थोडीच वर्षे चिनी लोकांनी नागपट्टिनम् येथे विटांचा मनोरा बांधला. वांग ता-युआन हा चिनी प्रवासी चौदाव्या शतकात तो पाहून गेला. मनोऱ्यावर चिनी अक्षरांत ‘श्येन-छुन’ कारकीर्दीच्या तिसऱ्या वर्षी आठव्या महिन्यात काम पुरे झाले असे लिहिले होते, असे त्याने टिपून ठेवले आहे. ते वर्ष १२६७ होय. पाहुण्यांनी स्वतःसाठी आणि मागाहून येणाऱ्या आपल्या बांधवांसाठी उभारलेली ती खूण होती.

मनोरा सहाशे वर्षे उभा राहिला. चोळ गेले, पांड्य गेले, नायक गेले. एकोजीराजे भोसल्यांनी तंजावरची गादी घेतल्यावर १६७६ मध्ये डचांना नागपट्टिनम्‌चे हक्क रुप्याच्या पत्र्यावर कोरून दिले, त्या वेळीही तो होता. म्हणजे मराठी राज्याच्या हद्दीत शोभणारी ही एक चिनी वास्तू होती, असे म्हणावयास हरकत नाही. डच ग्रंथकार व्हॅलेंटाइन ह्याने तिला ‘चीनचे देऊळ’ म्हटले आहे. समुद्रावरून येणाऱ्या जहाजांना ती दुरून दिसे आणि तिच्या खुणेने नाखवे बंदर ओळखीत. मात्र बांधले कोणी, हे गाव हळूहळू विसरले. कोणी तिला पुदुवेली गोपुरम् म्हणे, कोणी काळे देऊळ. मोजणीखात्याने आपल्या नकाशात चक्क ‘जैन देऊळ’ म्हणून टाकले. १८४६ मध्ये सर वॉल्टर इलियट ह्यांनी पाहिले तेव्हा तीन मजले उभे होते, छप्पर आणि तक्तपोशी नाहीशी झाली होती.

जवळच जेझुइट पाद्र्यांचे विद्यालय होते. पडका मनोरा काढून टाकण्याची परवानगी त्यांनी मागितली आणि मद्रास सरकारने १८६७ मध्ये ती दिली. बांधून पुरी सहाशे वर्षे भरली त्याच वर्षी चिनी मनोरा जमीनदोस्त झाला. ह्या प्रकरणात मी पाद्र्यांना फारसा दोष देणार नाही. ज्याला एखाद्या वास्तूचा अर्थ ठाऊक नाही त्याला तिच्या विटाच दिसतात. पण सही करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर इलियटसारख्या जाणत्या माणसांचे म्हणणे असू शकत होते. पडके, निरुपयोगी, धोकादायक हे तीन शब्द कागदावर एकत्र आले, की त्यापुढे कोणाचे काही चालत नाही. हा अनुभव आमच्या पेशात जुना आहे आणि दुर्दैवाने अजूनही ताजा.

मनोऱ्याच्या आसपासच्या जमिनीतून १८५६ पासून पुढे पाऊणशे वर्षांत बुद्धाच्या साडेतीनशेच्या आसपास धातुमूर्ती निघाल्या. त्यांतील बऱ्याच चेन्नईच्या एग्मोर भागातील सरकारी संग्रहालयात आहेत, टी. एन. रामचंद्रन् ह्यांनी १९५४ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. हातभर उंचीचे ते बुद्ध, मस्तकावरची ती ज्वाला, अंगावरून तलमपणे उतरलेले चीवर! त्यांतले काही परदेशी वाटसरूंनीही वाहिले असतील, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पाहुण्यांच्या भाषेत पाटी लावण्याची कल्पनाही ह्याच समुद्रावरची. चीनचा सेनापती चंग ह ह्याने सिंहलमधील गाले येथे बसविलेली, १४०९ सालची मिती असलेली शिळा १९११ मध्ये सापडली. तिच्यावर चिनी, तमिळ आणि फारसी असे तीन लेख आहेत. चिनी लेखात बुद्धाची स्तुती, तमिळमध्ये विष्णूची आणि फारसीत अल्लाची. दानाची यादी तिन्हींत जवळजवळ तीच. तीन देवांना सारखेच वाढणाऱ्या ह्या मुत्सद्द्याचे मला मोठे कौतुक वाटते. आपल्या पर्यटनखात्याने फेब्रुवारी २०१६ मध्ये बारा भाषांतून, त्यांत चिनी व जपानीही, मदत देणारा १३६३ हा दूरध्वनी सुरू केला. त्याची ही आद्य आवृत्ती म्हणता येईल.

अलीकडचा इतिहास थोडक्यात सांगतो. चीनचे पंतप्रधान चाउ एन-लाय डिसेंबर १९५६ मध्ये मामल्लपुरम्‌ला येऊन गेले. जपानी विद्वान नोबोरू काराशिमा १९६० नंतर मद्रास विद्यापीठात राहिले, तमिळ शिकले आणि चोळांच्या शिलालेखांतून जमिनीच्या मालकीचा इतिहास त्यांनी असा उलगडला की इथल्या पंडितांनी त्यांच्यापासून शिकावे. ह्या किनाऱ्यावर चिनी मातीच्या भांड्यांची खापरे वेचीत ते हिंडले. २०१३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी डिसेंबरात जपानचे सम्राट अकिहितो चेन्नईस आले आणि त्यांनी कलाक्षेत्रात नृत्य पाहिले. एका मार्गाने विद्वान आले, दुसऱ्याने रसिक: रजनीकांत ह्यांचा ‘मुत्तू’ हा चित्रपट १९९८ मध्ये टोकियोत प्रदर्शित होऊन महिनोन् महिने चालला, आणि त्यानंतर केवळ ह्या नटाच्या ओढीने चेन्नईस येणारे जपानी स्त्रीपुरुष दिसू लागले. इतिहासाच्या अभ्यासकाने नाक मुरडू नये. बोधिधर्मानंतर जपानात इतके प्रेम मिळविलेला ह्या किनाऱ्यावरचा दुसरा माणूस मला आठवत नाही, आणि पहिल्याच्या इथल्या असण्याविषयीही शंकाच आहे.

ओरगडम् येथे २०१० मध्ये निस्सानचा मोटारीचा कारखाना सुरू झाला. असे कारखाने येऊ लागले तसे जपानी अभियंते कुटुंबासह राहावयास आले, आणि त्यांच्यामागून जपानी जेवण देणारी हॉटेले आली. कांचीच्या वाटेवरच्या श्रीपेरुंबुदूर भागात आता भात, मिसो आणि मासे अशी न्याहारी मिळते. मामल्लपुरम्‌च्या उपाहारगृहांतून मिळणाऱ्या ‘चायनीज’ पदार्थांविषयी मात्र चिनी प्रवाशाचे मत न विचारलेलेच बरे. जपानी प्रवाशांना विमानतळावर उतरल्यावर प्रवेशपत्र देण्याची सवलत जानेवारी २०१० पासून सुरू झाली आणि पहिल्या चार विमानतळांत चेन्नई होते. चिनी प्रवाशांची कहाणी खडतर आहे. २०१५ मध्ये त्यांच्यासाठी घरबसल्या प्रवेशपत्र मिळण्याची सोय झाली. २०१९ मध्ये शी-मोदी भेटीत तमिळनाडू आणि फूच्येन ह्यांचा भगिनीसंबंध जोडण्याचे ठरले. आणि २०२० मध्ये प्रथम महामारीने आणि मग गलवानच्या रक्तपाताने सारे दरवाजे बंद झाले. पर्यटकांसाठीची प्रवेशपत्रे पुन्हा मिळू लागली ती २४ जुलै २०२५ रोजी.

मधल्या काळातही मामल्लपुरम् ओस पडले नाही. २०२१-२२ ह्या वर्षी तिकीट लागणाऱ्या आपल्या प्राचीन स्मारकांत सर्वाधिक परदेशी प्रवासी येथे आले, १ लाख ४४ हजार ९८४. ताजमहालही त्या वर्षी मागे पडला.

आता चिनी प्रवासी पुन्हा येऊ लागतील, तेव्हा त्यांना शी जिनपिंग जेथे उभे होते ती जागा दाखविली जाईल, लोण्याच्या गोळ्याखाली छायाचित्रे निघतील. ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या पूर्वजांनी ह्या किनाऱ्यावर बांधलेल्या एकमेव मनोऱ्याच्या छायेत ज्या मूर्ती होत्या, त्या एग्मोरला आहेत. विमानतळावरून समुद्राच्या कडेने मामल्लपुरम्‌ला जाणारी गाडी त्या बाजूने जात नाही; त्यासाठी मुद्दाम शहरात शिरावे लागते, आणि शुक्रवारी संग्रहालय बंद असते.